पणजोबांचं पहिलं घर

नाशिकला रामकुंडाजवळ क्षेत्रोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं, की गुरुजी नेमकी चोपडी काढून समोर ठेवतात. आपल्या घरचं कुणीतरी कधीतरी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाच्या निमित्तानं तिथं आलेलं असतं आणि जाताना भावांची, मुलांची, बायकोची, आईची नावं लिहून देऊन गेलेलं असतं. जुनी पानं मोडीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द कुठं संपला ते नीट कळत नाही. गुरुजी बोट फिरवत वाचत होते आणि आमच्या पणजोबांच्या नावाशी येऊन म्हणाले, ‘‘हे दत्तक बरं का.’’

आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. गावच्या घराची, शेताची, भावकीच्या भांडणांची सगळी कहाणी आम्ही पणजोबांपासून वर सरळ मोजत आलो होतो. त्या सरळ रेषेत ज्याच्यावर आमचं सगळ्यांचं जगणं उभं आहे, तोच माणूस दुसरीकडून आलेला.

राजघराण्यांची दत्तकं आपण शाळेत शिकतो. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला. साताऱ्याचं दत्तक कंपनी सरकारनं मानलं नाही आणि 1848 मध्ये राज्यच खालसा झालं. गादीसाठी झालेल्या दत्तकाचा इतिहास होतो. चार बिघे जमिनीसाठी आणि एका रिकाम्या घरासाठी झालेलं दत्तक तलाठ्याच्या फेरफारात एका ओळीत मिटतं. मला ती ओळ फार मोलाची वाटते. तिच्यात पणजोबांचं मूळ गाव होतं, मूळ आडनाव होतं आणि दत्तक घेणारीचं नावही होतं. घेणारी विधवा होती.

मुंबई इलाख्यात विभक्त कुटुंबातल्या विधवेला नवऱ्यानं आधी परवानगी देऊन ठेवली नसली तरी दत्तक घेता येई. बंगालात तसं चालत नसे. म्हणजे हा निर्णय माझ्या खापरपणजीचा होता. दीर-पुतणे जमिनीकडे डोळे लावून बसलेले असताना त्या बाईनं डोंगरापलीकडच्या घरातलं मूल निवडलं आणि पंचांसमोर मांडीवर घेतलं. आमच्या वंशावळीच्या कागदावर तिच्यासाठी चौकोनसुद्धा नाही, आणि ती नसती तर त्या कागदावर आमच्यापैकी कुणीच नसतं.

दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराच्या वाटणीवरचा हक्क संपतो. श्राद्ध घालायचं तेही नव्या घरच्या पितरांचं. एक मात्र शास्त्रानं राखून ठेवलं: जन्मघराच्या नात्यात जिथं सोयरीक वर्ज्य होती, तिथं ती वर्ज्यच राहते. 1956 च्या कायद्यातही हे कलम आहे. मूल दिलं तरी रक्त विसरू नका, एवढं तरी कुणाला तरी वाटलं होतं. आमच्या घरानं तेही विसरून टाकलं याचं मला वाईट वाटतं.

मूळ गाव आता नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते शिवसागराच्या पाण्याखाली गेलं आणि त्या खोऱ्यातली माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी जिकडं जमीन मिळाली तिकडं पांगली. आडनाव आणि बुडालेल्या गावाचं नाव विचारत विचारत रायगडातली एक वसाहत सापडली. तिथं पणजोबांच्या सख्ख्या भावाची नात राहते, म्हणजे माझी आत्या. तिनं दारातच माझ्याकडे निरखून पाहिलं, कपाळ आमच्यातलंच आहे म्हणाली आणि आधी जेवायला बसवलं. त्यांच्या घरात ही गोष्ट कधीच झाकलेली नव्हती. धाकटा घाटाखाली दिला, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. लग्नपत्रिका कुठं पाठवायची ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

देणाऱ्या आईबद्दल विचारलं तेव्हा आत्या बराच वेळ आठवत राहिली. बाळंतपणं पुष्कळ, त्यात दोन वर्षं पीक बुडालेलं, असं तिच्या आजीकडून ऐकलेलं. मूल दिल्यावर त्या बाईनं घाटाखालच्या बाजाराला जाणं सोडलं होतं. पण नाव? सगळे तिला थोरली आई म्हणत. नाशिकच्या चोपडीत मूल घेणारीचं नाव आहे, देणारीचं नाही.

ते शोधायचं तर तिच्या माहेराकडून शोधावं लागणार. भावांनी दिलेल्या नोंदीत बहिणी क्वचितच असतात, तरी तिकडचं कोतवाल बुक कुठं जपलेलं असेल तर जन्माची नोंद मिळण्याची आशा आहे. माहेर कुठल्या वाडीतलं ते आत्याला पक्कं माहीत आहे. त्या वाडीतले लोक सोलापूरकडे गेलेत. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत. गुडघे दुखत असले तरी आत्या मागं राहायला तयार नाही.