हे बिल नाही

जर्सी सिटीला खालाकडे तीन महिने राहून आले. तिथल्या बर्फाविषयी इथे सगळ्यांनी विचारले. मला मात्र सांगावेसे वाटते ते खालाच्या टपालाविषयी.

खालूंनी तिथे एका गोदामात बावीस वर्षे नोकरी केली, त्यामुळे खालाला मेडिकेअर लागू आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी अमेरिकन सरकारने १९६५ साली कायदा करून आणलेली ही विमा योजना. घरी लागणारी साधनेही तिच्यातून मिळतात: व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचे यंत्र, कमरेचे-गुडघ्याचे पट्टे. डॉक्टरने लिहून द्यायचे, पुरवठादाराने माल घरी पोहोचवायचा. वर्षाची सुरुवातीची ठरावीक रक्कम भरून झाली की मंजूर दराचे ८० टक्के योजना देते, २० टक्के रुग्ण भरतो.

चोर शिरतो तो इथेच. योजनेसमोर कागद येतो, माल कुणी बघत नाही. रुग्णाचा क्रमांक हाती लागला, पैसे घेऊन सही करणारा डॉक्टर मिळाला, की झाले. एप्रिल २०१९ मध्ये अशाच पट्ट्यांच्या प्रकरणात तिथल्या न्याय खात्याने २४ जणांवर आरोप ठेवले. नुकसानीचा आकडा १.२ अब्ज डॉलरच्या वर होता. जून २०२५ मधले प्रकरण तर लघवीच्या नळ्यांचे. त्यात आणि इतर साधनांत मिळून १०.६ अब्ज डॉलरची खोटी बिले लावल्याचा आरोप आहे.

मी असताना खालाला फोन आला. "गुडघे दुखतात का? पट्टा अगदी फुकट, फक्त कार्डावरचा नंबर सांगा." चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे कुणाचे दुखत नाहीत! खालाने फोन ठेवून दिला. पुरवठादाराने ओळखपाळख नसताना असा फोन करणे तिथल्या कायद्यात बसत नाही. रुग्णाची लेखी परवानगी किंवा आधीचा व्यवहार असेल तर गोष्ट वेगळी.

पण नंबर आधीच कुठून तरी फुटला होता. मेडिकेअरकडून अधूनमधून हिशेबाचा कागद येतो: कुणी, कोणत्या तारखेला, कशाचे पैसे मागितले. त्यावर ठळक छापलेले असते, 'हे बिल नाही'. म्हणून लोक तो न वाचताच टाकून देतात. खाला टाकत नाही. आमच्या नानांचे चिपळूणला किराणा दुकान होते. उधारीची वही लहानपणी खालाच लिहायची. तिची एक डायरी आहे, मराठीतली. ऑक्सिजनचे यंत्र कधी आले, नळी कधी बदलली, डॉक्टरकडे कधी गेलो. कागद आला की बोट ठेवून एकेक ओळ डायरीशी ताडून बघते. त्या दिवशी बोट थांबले. कमरेचा पट्टा. पुरवठादार दुसऱ्याच राज्यातला, लिहून देणाऱ्या डॉक्टरचे नावही कधी न ऐकलेले.

भाईजान म्हणाले, "अम्मी, तुमच्या खिशातून कुठे काय गेलंय? सरकार बघून घेईल."

"उद्या माझी कंबर खरंच मोडली तर?" खाला म्हणाली. "मग सांगतील, बाई, तुम्हाला पट्टा दिलेला आहे."

तिचे बरोबर होते. एकदा नोंद झाली की तीच वस्तू पुन्हा मंजूर करून घेताना अडचण येऊ शकते. शिवाय न झालेल्या दुखण्याची नोंद कागदोपत्री चिकटते ती वेगळीच.

तिने भाईजानांनाच फोनपाशी बसवले. आधी स्वतःच्या डॉक्टरकडे खात्री केली, मग मेडिकेअरला कळवले. सिनियर मेडिकेअर पेट्रोल म्हणून तिथे एक मदत यंत्रणा आहे. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. न मागवलेले खोके दारात आले तर घेऊ नका, कोऱ्या पावतीवर सही करू नका, भाड्याचे यंत्र परत नेले की तारीख लिहून ठेवा, कारण वस्तू गेल्यावरही भाडे लावणारे असतात. शेवटची गोष्ट खालाने लगेच डायरीत टिपली.

काही आठवड्यांनी नवा क्रमांक आणि नवे कार्ड आले. जुने तिने कात्रीने बारीक कापले. आता शेजारच्या दोन गुजराती आजीबाई आपापली पाकिटे घेऊन दुपारी तिच्याकडे येतात. चहा होतो आणि बोट ठेवून वाचन चालते.