अब्बांची टाच

फजरला उठलेले अब्बा पहिली पावलं भिंत धरूनच टाकत. टाचेवरची जाड शीर रात्रभरात आखडलेली असे. आम्ही भावंडांनी तेल लावून खसाखसा चोळली, पंजा ओढला. ती आणखी सुजली. हाडांचे डॉक्टर आमच्यावरच चिडले. या शिरेला रक्त कमी मिळतं, भरायला महिने लागतात. त्यांनी पायरीवरचा व्यायाम दिला: दोन्ही चवड्यांवर वर जायचं, दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचं. 15 वेळा, असे 3 फेरे, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. मोजायला आम्ही शेजारी उभे, कारण ते हमखास दोन आकडे गाळत. त्याहून जड गेली ती नमाजची खुर्ची. ‘एवढा म्हातारा झालो का?’ म्हणून रुसले. नवव्या आठवड्यात भिंत न धरता वजूला गेले. खुर्ची मात्र आम्ही अजून हलवलेली नाही.