आईने आधी पाहिलं होतं

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधे दोघातिघांनी फोन करून विचारलं, मूलला सगळं ठीक ना? ठीकच आहे. मोती आजारी होता, एवढंच. आता 'एवढंच' म्हणता येतंय, तेव्हा येत नव्हतं.

ज्यांनी आमचं घर पाहिलंय त्यांना मोती आठवत असेल. गावठी, तपकिरी, एक कान कायम पडलेला. पाहुण्यांवर मनसोक्त भुंकून झालं की त्यांच्याच पायाशी येऊन झोपणारा. वय नऊ. गेल्या पावसाळ्यात, रोवणे चालू होते तेव्हा, तो मागच्या पायाने लंगडायला लागला. हवेत ओल आली की जास्तच. शेवटी ओट्याची पायरीसुद्धा चढेना, म्हणून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. त्यांनी पाय हलवून पाहिला, म्हणाले सांधे झिजलेत, या वयात होतं. मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलं आणि रोज एक गोळी लिहून दिली. दोन दिवसांत मोती पायरी चढला. आम्ही खूष. आईने तर डॉक्टरांच्या नावाने एक नारळ फोडायचा बाकी ठेवला होता :)

आठवड्याभराने त्याला खाज सुटली. खाजवून खाजवून पोटाजवळची कातडी लाल केली. पुन्हा दवाखाना. त्या दिवशी तिथे ही गर्दी, बकऱ्या, एक गाय, कोंबड्यांची टोपली घेऊन आलेले एक आजोबा. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर उभ्यानेच चिठ्ठी लिहीत होते. मी विचारलं, पायाची गोळी चालू ठेवायची का? "राहू द्या." बस, इतकंच बोलणं झालं. मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून मोजून गोळ्या दिल्या. नाव राहिलं कापलेल्या अर्ध्या भागात, आणि माहितीचा घडी घातलेला कागद राहिला दुकानातल्या डबीत. त्या खाजेच्या गोळीत प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड आहे, हे मला माहीतच नव्हतं.

खाज थांबली. पण मोती पाणी फार पिऊ लागला, रात्री दोनदोनदा बाहेर सोडावं लागे. मग जेवणावरून मन उडालं. भाताचं भांडं हुंगायचा आणि माझ्याकडे बघायचा. एक दिवस उलटी झाली. मी डॉक्टरांना फोन केला.

"वय झालं भाऊ त्याचं. पावसाळ्यात असं होतंच. गोळ्या बंद करू नका, नाहीतर पुन्हा लंगडेल."

मी भीत भीत विचारलं, गोळीमुळे तर होत नसेल ना?

"इतकी वर्षं देतोय, कोणाला काही झालं नाही. तुम्ही मोबाईलवर फार वाचता."

फोन ठेवल्यावर कसंतरीच वाटलं. चिडलो होतो आणि ओशाळलोही होतो. आपण शिकलेलो असूनही अडाणी ठरलो, असं काहीसं. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना हे वाटणं ओळखीचं असेल. जनावर स्वतः बोलत नाही, आणि आपण त्याच्या वतीने बोललो तर आपण फार लाड करणारे, फार घाबरणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सांदवाडी झाडून आली आणि म्हणाली, "बाबू, याची शी कारी पडून रायली गा. डांबरासारखी. याले हे औषद सोसत नाई."

आणि मी काय म्हणालो? "आई, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

शब्द हेच. आदल्या दिवशी जे माझ्या तोंडावर मारलं गेलं होतं, ते मी जसंच्या तसं उचलून तिला दिलं. ती काही बोलली नाही, झाडू कोपऱ्यात ठेवला आणि आत गेली. मी गोळी दह्यात कालवून मोतीला भरवली. त्याला खायचं नव्हतं, पण मी देतोय म्हणून त्याने चाटून घेतली. अशी आणखी दोन दिवस दिली.

तिसऱ्या दिवशी तो उठायला गेला आणि कोलमडला. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. मग गाडी ठरवली, सिंदेवाही, नागभीड, उमरेड करत नागपूर. मागच्या सीटवर आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हात लावायच्या आधी आम्हालाच प्रश्न विचारले. काय काय औषधं चालू आहेत? कधीपासून? उपाशी पोटी देता का? मी पिशवीतून कापलेल्या स्ट्रिपा काढून टेबलावर मांडल्या. मग त्यांनी विचारलं, शीचा रंग कसा आहे? मी आईकडे पाहिलं. आईने सांगितलं. किती दिवसांपासून, तेही तिनेच सांगितलं.

बाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. मेलॉक्सिकॅमसारखी औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात. दुखणं आणि सूज त्यामुळे उतरते. पण जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा यांतही याच रसायनांचा हात असतो. स्टेरॉइडही त्याच वाटेवर, पण आणखी वरून घाव घालतं. दोन्ही एकत्र दिली की जठराला जखमा होऊन रक्तस्राव होण्याचा धोका फार वाढतो. ते रक्त आतड्यांतून जाताना पचतं, म्हणून शी लाल न दिसता डांबरासारखी काळी दिसते. भूक मंदावणं, उलटी, काळी शी, ही तर औषधाच्या कागदावर छापलेली लक्षणं. आणि ते जास्त पाणी पिणं, रात्रीची लघवी? ते स्टेरॉइडमुळे. म्हणजे मोती रोज सांगत होता, त्याच्या परीने.

दोन्ही गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागलं, आम्ल कमी करणारी आणि जखमेवर थर धरणारी औषधं सुरू झाली. चौथ्या दिवशी तो चार घास भात जेवला. मी दवाखान्याच्या बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

निघताना मी रागाने म्हणालो, या मेलॉक्सिकॅमवर बंदीच घालायला हवी. बाई हसल्या. म्हणाल्या, चंद्रपूरकडचे ना तुम्ही? मग तुमच्याकडे आणलेल्या गिधाडांना विचारा.

नंतर नीट वाचलं तेव्हा अर्थ लागला. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं मरायला लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण सापडलं ते पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून. २००४ साली 'नेचर'मध्ये तो छापून आला. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी सुचवलं गेलेलं, गिधाडांना सुरक्षित ठरलेलं औषध म्हणजे हेच मेलॉक्सिकॅम! पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही जनावरांसाठी बंदी आली. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरच्या केंद्रातून दहा गिधाडं ताडोबात बोटेझरीला आणली.

मला आमच्या लहानपणी मेलेली ढोरं ओढून नेणारे एक म्हातारबा आठवले. ते वडिलांना सांगायचे, आता गिधाडं येत नाहीत, ढोर पडून सडतं. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. गुराला इंजेक्शन देणारा म्हणत असेल, काही होत नाही. आणि त्याच्यापुरतं ते खरंही होतं, गुराला काही होत नव्हतंच. जे होत होतं ते जिथे दिसत होतं तिथे तो जात नव्हता.

बाहेर याची काही सोय आहे. अमेरिकेत कुत्र्याचा मालकसुद्धा औषधाचा त्रास सरकारी यंत्रणेकडे, म्हणजे एफडीएकडे नोंदवू शकतो. अशा नोंदी साठत गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने सांधेदुखीवरच्या लिब्रेला या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना पत्र लिहून सावध केलं. औषध बंद केलं नाही, पण झटके येणं, चालताना तोल जाणं अशा नोंदी आल्यात, मालकांना आधी सांगा, असं म्हटलं. आपल्याकडे माणसांच्या औषधांसाठी २०१० पासून असा देशव्यापी कार्यक्रम आहे. मोतीसाठी मात्र मला कोणी कसला फॉर्म दिला नाही.

परत आल्यावर मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. नागपूरचे कागद टेबलावर ठेवले. त्यांनी सगळे वाचले. बराच वेळ गप्प होते. म्हणाले, खाजेची गोळी लिहिताना आधीची चिठ्ठी बघायला हवी होती, चुकलं. मग म्हणाले, "पण भाऊ, काळी शी पडते हे तुम्ही मला सांगितलंच नाही."

खरंच नव्हतं सांगितलं. आईने मला सांगितलं आणि ते माझ्यापाशीच अडलं. डॉक्टरांनी माझं ऐकलं नाही हे खरं, पण त्यांनी जे नक्की ऐकलं असतं ते त्यांच्यापर्यंत मीच पोचू दिलं नाही. हे मान्य करायला मला नागपूरच्या बिलापेक्षा जड गेलं. म्हणून नाव लिहिलं नाही. लिहायचं तर दोन लिहावी लागतील.

आता दाराजवळ खिळ्याला एक वही टांगली आहे. कोणती गोळी, किती वाजता, जेवला का, पाणी किती, शी कशी. आई सांगते, मी लिहितो. दवाखान्यात वही घेऊनच जातो आणि प्रत्येक नव्या गोळीला विचारतो: हिच्यात काय आहे, आधीच्या गोळीबरोबर चालेल का, काय दिसलं तर लगेच फोन करायचा? डॉक्टर आता वही मागून घेतात.

तुमच्या घरी कोणी असेल तर एवढं लक्षात असू द्या. दुखण्याची गोळी चालू असताना उलटी, जेवण सोडणं किंवा काळी शी दिसली तर पुढची गोळी द्यायच्या आधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही जनावर कोसळू शकतं. आणि घरातली माणसांची गोळी तर कधीच नको, मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

मोती बरा आहे. लंगडतो. ओट्याला विटांचा उतार करून दिलाय, त्यावरून हळूहळू वर येतो. आईची माफी मी अजून शब्दांत मागितलेली नाही, आमच्या घरी तशी पद्धत नाही. पण काल संध्याकाळी ती म्हणाली, "आज याचं पानी जास्त झालं, लिहून ठेव." मी लगेच उठून लिहून ठेवलं.