डाव्या पायाचा तास

आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि मुख्याध्यापकांनी ती माझ्या गळ्यात घातली. कारण काय, तर मी मराठी शिकवतो! मराठीच्या मास्तराला वेळच वेळ असतो अशी एक समजूत आहे. त्यातून तो कादंबऱ्या लिहिणारा असला तर मग बोलायलाच नको. फुटबॉलमध्ये अकरा-अकरा जण असतात, यापलीकडे मला त्या खेळातले काही कळत नव्हते. पहिल्या संध्याकाळी मुलांनीच मला ऑफसाइड समजावून दिला. मी गंभीरपणे मान डोलावली. लहानपणी बीजगणिताच्या तासाला मी अशीच मान डोलावीत असे.

अडला मास्तर पुस्तकांकडे धावतो. मीही धावलो, आणि तिथे मला हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम भेटले. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हापासून ते नाव पुष्कळांच्या कानावर आहे. मला त्यांची ओढ लागली ती निराळ्या कारणाने. हा गृहस्थ मूळचा शाळामास्तर! त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला, आणि त्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकून नेला. मुंबईकरांनी आपल्या कूपरेजवर पाच वर्षे हे मुकाट्याने पाहिले असेल असे मला तरी वाटत नाही.

मास्तरांच्या पदरी नापास मुलेही येतात. १९५२ साली रहीमसाहेब भारताचा संघ घेऊन हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. आपला झाला एक. पण १९५६ साली मेलबोर्नला, याच मास्तरांच्या हाताखाली, आपला संघ चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल केले, ते तिथेच.

असा माणूस पोरांना शिकवतो तरी कसा, हे मी शोधू लागलो. आणि मोठी मौज हाती लागली. हैदराबादेत ते अजब स्पर्धा भरवीत. एका स्पर्धेत ड्रिब्लिंग करायचे नाही. चेंडू पायाशी खेळवीत एकेकाला चकवायला बंदी. आला की दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत चेंडू मारायचा तो फक्त अधू पायाने, म्हणजे ज्या पायाची सवय नाही त्या. आणखी एकीत ठरावीक उंचीच्या आतल्याच मुलांना प्रवेश. म्हणजे ज्याच्याजवळ जे आहे ते काढून घ्यायचे, आणि मग उरतो तो खेळाडू केवढा ते पाहायचे! हुशार मुलाने तासाला हात वर करायचा नाही, असा नियम माझ्या वर्गात मी एकदा तरी करायला हवा होता. त्यांचे ड्रिब्लिंगशी वैर होते, असे मात्र कुणी समजू नये. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाचा कर्णधार होता चुनी गोस्वामी, आणि त्याचे नाव ड्रिब्लिंगसाठीच गाजलेले.

तर मी दर गुरुवारी ‘डाव्या पायाचा तास’ सुरू केला. आमच्या संघात एक पोरगा होता. चेंडू त्याच्या उजव्या पायाला मांजरीच्या पिलासारखा चिकटलेला असे, आणि सारे गाव त्याच्याकडे बघायलाच मैदानावर येई. पहिल्या गुरुवारी हा पोरगा चार वेळा पडला. मुले हसली. मीही हसलो, तो माझा गुन्हा. पण त्याच तासाला दुसराच एक मुलगा मैदानभर वाऱ्यासारखा फिरत होता. दोन वर्षे तो राखीव होता. चेंडूंची जाळी खांद्यावर घेऊन मैदानावर आणायची आणि परत न्यायची, एवढेच त्याचे काम. त्याचा डावा पाय काय सुरेख चालत होता म्हणून सांगू! तास संपल्यावर मी त्याला म्हटले, “अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

तो खाली बघत म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, उजव्या पायानं मार म्हणून.”

मला ते आठवत नव्हते. पण मी म्हटले असणार. डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोरांच्या बोटांतून पेन्सिल काढून उजव्यात देणाऱ्या मास्तरांच्या हाताखालीच मी शिकलो आहे.

त्या रात्री मी पुन्हा जाकार्ता काढून वाचले. १९६२ सालची ती स्पर्धा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवले होते. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. हा बचावातला भक्कम गडी. त्याला रहीमसाहेबांनी चक्क आघाडीवर नेऊन उभे केले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. आधी गोल राखणाऱ्या प्रद्युत बर्मनला बसवून त्यांनी उंचापुरा पीटर थंगराज गोलात घातला. राजकारणामुळे चिडलेले लाखभर प्रेक्षक आपल्या विरुद्ध ओरडत होते. पहिला गोल पी. के. बॅनर्जीने केला, दुसरा टाके घातलेल्या जर्नेलने. दोनास एक असा आपण सामना जिंकला. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

जर्नेलची गोष्ट सगळेच सांगतात. माझे मन मात्र बर्मनपाशी अडून राहिले. सुवर्णपदकाच्या दिवशी कडेला बसलेल्या माणसाला काय वाटले असेल? कादंबरीत मी कुणालाही कुठेही उभे करतो, नको असेल त्याला तापाने मारतोसुद्धा. पात्रे कधी तक्रार करीत नाहीत. (टीकाकार करतात, ती गोष्ट वेगळी.) हाडामांसाच्या पोराला ‘आज तू बस’ म्हणायला निराळीच छाती लागते.

तालुक्याच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलाने मागे होतो. आमचा तो हिरा एकटाच चेंडू घेऊन जात होता आणि तिघांच्या गराड्यात गमावीत होता. मी त्याला बसवले आणि डावखुऱ्याला उतरवले. मग चेंडू पायांपायांतून फिरू लागला. शेवटी एक गोल झाला आणि सामना बरोबरीत सुटला. गोल डावखुऱ्याने केला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो केला भलत्याच एका पोराने. वडील मंडळींपैकी एकजण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मास्तरला खेळातलं काय कळतंय!” ते खोटे नव्हते.

बसवलेला पोरगा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. वर्गात मी प्रश्न विचारला की खिडकीबाहेर बघे. मीही त्याला काही समजावायला गेलो नाही. समजावण्यासारखे माझ्याजवळ काय होते? पुढच्या गुरुवारी घंटा झाली. मी शिट्टी शोधत खोलीत शिरलो, तर तो आधीच तिथे उभा. माझ्याकडे न बघता त्याने चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली आणि मैदानाची वाट धरली. डावखुरा त्याच्या मागून ओरडत निघाला, “अरे, ते माझं काम आहे!”