अपेक्षित उत्तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. "आत्या, सोमवारी माझा पहिला पाठ आहे. आठवीचा वर्ग. पोटात नुसता गोळा आलाय!" बीएड करतेय ती. मी आपलं "काही होत नाही गं, छान होईल" वगैरे म्हटलं आणि फोन ठेवला. मग मलाच झोप येईना. माझा पहिला पाठ आठवला ना!

आमच्या वेळी, म्हणजे २००३ साली, बीएड एका वर्षाचं होतं. (२०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं.) सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन. पाच-सात मिनिटं शिकवायचं, तेही एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फलकलेखन. समोर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसलेल्या. त्या इतक्या गुणी, की प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर देत. मला वाटायला लागलं, अरे, आपल्याला जमतंय की!

मग साताऱ्यातल्या एका शाळेत खराखुरा पाठ मिळाला. आठवी, भूगोल, घटक 'ऋतू कसे होतात'. टाचण मी तीनदा लिहून काढलं. एका रकान्यात शिक्षक कृती, दुसऱ्यात विद्यार्थी कृती. मी काय विचारणार आणि मुलं काय उत्तर देणार, सगळं आधीच ठरलेलं! तक्त्यासाठी दोन रात्री जागले. पिवळाधमक सूर्य, भोवती पृथ्वीची कक्षा. लंबवर्तुळ आहे हे शेवटच्या बाकावरूनही कळावं म्हणून ते चांगलं अंड्यासारखं लांबट काढलं आणि सूर्य एका टोकाकडे सरकवला.

पाठाच्या दिवशी समोर साठ मुलं, मागे निरीक्षक मॅडम वही उघडून बसलेल्या. प्रस्तावना बरी झाली. मग मी विचारलं, "उन्हाळा कशामुळे होतो?" तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून."

हे उत्तर माझ्या रकान्यात नव्हतं.

"चूक. बस खाली. दुसरं कोण सांगेल?" पहिल्या बाकावरच्या मुलीने "पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे" असं पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं. मी हुश्श केलं आणि पुढे गेले. तास वेळेत संपला.

मॅडमनी शेरा लिहिला होता, 'तक्ता आकर्षक. वेळेचे नियोजन चांगले.' आणि खाली बारीक अक्षरात, 'त्या मुलाला तसे का वाटले, हे विचारायला हवे होते.' मला रागच आला. एवढं सगळं चांगलं झालं आणि नेमकं हेच दिसलं का यांना?

रात्री तक्ता खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता. सहज नजर गेली आणि चमकलेच. हे चित्र बघून कोणीही तेच म्हणालं असतं! एका टोकाला पृथ्वी सूर्याच्या अगदी जवळ, दुसऱ्या टोकाला पार लांब. त्या पोराने चित्र नीट पाहिलं होतं. चित्रच खोटं होतं.

खरं तर पृथ्वीची कक्षा जवळजवळ गोलच आहे. अर्ध्या मीटर त्रिज्येची काढली, तर सूर्य मध्यापासून जेमतेम ८ मिलिमीटर सरकतो, आणि कक्षेचा लांबटपणा पेन्सिलच्या रेघेतच हरवतो. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी होतं.

आठवड्याने त्याच वर्गावर दुसरा पाठ होता. पहिली पाच मिनिटं मी टाचणाबाहेर गेले. त्या मुलाला म्हटलं, "त्या दिवशी तू जे सांगितलंस..." तो उठून उभा राहिला, मान खाली. "चुकलं, बाई."

इतकं वाईट वाटलं! म्हटलं, "तुझं नाही रे, माझं चित्र चुकलं." सुतळीला खडू बांधून फळ्यावर वर्तुळ काढलं. पृथ्वी जानेवारीत सर्वांत जवळ असते, असं सांगून विचारलं, "तेव्हा आपण काय घालतो?" सगळा वर्ग ओरडला, "स्वेटर!" "आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा असतो बरं का." वर्ग गप्प. तेवढ्यात तो शेजारच्याला हळूच म्हणालेला ऐकू आलं, "मग आपल्याकडं थंडी का?"

मग पृथ्वीगोल आणि बॅटरी काढली. बॅटरीचा झोत सरळ पडला की लहानसा, लख्ख ठिपका. तिरपा पडला की तोच उजेड पसरतो आणि फिका होतो. जानेवारीत आपला अर्धा गोल सूर्यापासून पलीकडे कललेला, म्हणून किरण तिरपे आणि दिवसही लहान. आसाचा कल तिथे पहिल्यांदा कामाला आला. आधीच्या पाठात तो नुसता पाठ होता!

तो मुलगा लक्ष देऊन बघत होता. पण माझ्या उरलेल्या पाठांत त्याने परत कधी हात वर केला नाही. माझं "बस खाली" दोन सेकंदांचं होतं. ते परत घेता आलं नाही.

असो. सकाळी भाचीला फोन केला. म्हटलं, "टाचणात एक रकाना कोरा ठेव. न ठरवलेल्या उत्तरांसाठी."

"आत्या, मार्क कापतील गं!"

म्हटलं, "कापू देत."