अम्मींना ऐकवलेल्या कादंबऱ्या

गेल्या पावसाळ्यात अम्मींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे वाचन बंद ठेवायला सांगितलं. अम्मींना औषधाच्या थेंबांचा त्रास वाटला नाही, वाचनबंदीचा मात्र फार वाटला. दुपारचं जेवण झालं की उर्दू रिसाला घेऊन खिडकीशी बसायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. देवनागरी त्यांना येत नाही. आमचं नेमकं उलट. आम्ही नवरा-बायको दोघंही मराठी शाळेत शिकलो. उर्दू वाचतो, पण बोट ठेवून, अडखळत. परळच्या दोन खोल्यांच्या घरात दोन लिप्या अशा शेजारी शेजारी राहत आल्या आणि एकमेकींच्या कपाटात त्यांनी कधी डोकावलं नाही.

मग असं ठरलं, की इशाच्या नमाजनंतर टीव्ही बंद करायचा आणि अम्मींना रोज एक मराठी कादंबरी थोडी थोडी वाचून दाखवायची. आम्ही पाळीपाळीनं वाचणार, बारावीतली मुलगीही वाचणार. पुस्तकं दादरहून आणायची. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाशी आमचं जुनं नातं. 1898 सालची ही संस्था, आमच्या घरातल्या तीन माणसांनी तिथली पुस्तकं वाचली.

पहिलं पुस्तक मुलीनं निवडलं, अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’. नावावरून तिला वाटलं, नायक आपल्यातलाच असणार. दोन पानांत कळलं, की हा वारणेच्या खोऱ्यातला मांग समाजातला वीर आहे. ती जराशी हिरमुसली, पण अम्मींना गोष्ट आवडली. भुकेल्या लोकांसाठी धान्य लुटणारा माणूस त्यांना पटकन कळला. अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईत आले आणि गिरणीत राबले, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या लालबाग-परळचाच माणूस की.” शाहीर अमर शेख हे त्यांचे साथीदार, मूळचे बार्शीचे मेहबूब पटेल, हेही मुलीला तेव्हाच कळलं. तिचा हिरमोड तिथे थोडा भरून निघाला.

दुसरी कादंबरी अनंत सामंतांची ‘एम. टी. आयवा मारू’. ती घेतली मरहूम अब्बांसाठी. अब्बा बोटीवर तेलवाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून किती तरी जण असेच बोटीवर गेले. कोणी खलाशी, कोणी सुकाणी, कोणी भंडारी, आणि नशीब जोरावर असलं तर सारंग. अब्बा दहा-दहा महिन्यांनी घरी यायचे आणि बोटीबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. साबण, चॉकलेट, जपानी कापड यांतूनच आम्हाला समुद्र कळला. कादंबरीतली वादळं वाचताना आम्हाला सारखं वाटत होतं, की अब्बा त्या वेळी खाली, इंजिनाच्या धगीत, तेलाचा डबा हातात घेऊन उभे असतील. काही पानं अम्मींसमोर वाचण्यासारखी नव्हती. ती आम्ही मनातल्या मनात वाचून पुढे सरकलो. अम्मी शांतपणे म्हणाल्या, “पानं चिकटली होती का रे?” मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत बसली.

तिसरी कादंबरी घरात आणायला मात्र धीर करावा लागला. हमीद दलवाई यांची ‘इंधन’, 1965 साली प्रसिद्ध झालेली. हिच्याशी आमचा जुना हिशेब होता.

1988 साली आमच्यापैकी एक जण कॉलेजात होता. वाचनालयातून त्यानं ‘इंधन’ आणली. अब्बा तेव्हा बोट सोडून घरी बसले होते. मराठी पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेखक कोण, हे त्यांनी विचारलं. नाव ऐकताच एवढंच म्हणाले, “उद्या परत कर.” ओरडले नाहीत, हात उगारला नाही. पुस्तक न वाचता परत गेलं. दलवाईंच्या विचारांबद्दल आपल्या समाजात तेव्हा किती तीव्र मतं होती, हे या मासिकाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. आजही ती एक नाहीत, आणि आम्हा दोघांतही नाहीत. पण तेव्हा प्रश्न त्यांच्या भाषणांचा नव्हता, एका गोष्टीच्या पुस्तकाचा होता.

यंदा पुस्तक पुन्हा घरी आलं. आम्ही अम्मींना आधीच सांगितलं, “हे ते पुस्तक आहे. नको असेल तर दुसरं वाचू.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांनी नको म्हटलं होतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. वाचा.”

कादंबरी सांगणारा माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. गावात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, जुनी देणीघेणी, जुने राग आहेत. वरवर सगळं शांत, आत वाळलेलं लाकूड रचून ठेवलेलं. शेवटी ते पेट घेतं. आम्हाला भीती होती, की यात आपल्या माणसांना झोडपलं असेल. तसं नाही. लेखकानं कोणालाच सवलत दिलेली नाही. सांगणाऱ्यालाही तो मोकळा सोडत नाही. आपलं घर इतक्या जवळून दाखवणारी मराठी कादंबरी आम्ही या वयापर्यंत वाचली नव्हती, याचं आम्हालाच नवल वाटलं.

अम्मी रोज ऐकत होत्या. वादावादीच्या भागात त्या फार रमल्या नाहीत. घर, पडवी, जमीन, शेजार आला की मान हलवायच्या. गावातला ताण वाढत गेला, तशा त्या गप्प होत गेल्या. एका रात्री त्यांनी हात वर करून वाचन थांबवलं.

“आमच्या गावात शिमग्याची पालखी आमच्या दारात यायची,” त्या म्हणाल्या. “माझे वडील नारळ द्यायचे. मी दहा-बारा वर्षांची असेन, त्या वर्षी पालखी आली नाही. आम्ही पोरं संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होतो. नारळ सोलून ठेवला होता. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं त्या नारळाचं सांदण केलं आणि आम्ही खाल्लं.”

“का आली नाही?” मुलीनं विचारलं.

“ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. पुढच्या वर्षी आली. पण वडील तेव्हा ओटीवर नव्हते, मागे गोठ्यात गेले होते. नारळ माझ्या भावानं दिला.”

अम्मींबरोबर इतकी वर्षं राहून ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली. अब्बांना ती माहीत होती का, हे विचारलं. त्या म्हणाल्या, “त्यांच्याही गावात असंच काही तरी झालं होतं. ते सांगायचे नाहीत.” त्या रात्री पुढे वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी इशा झाल्यावर मात्र त्यांनीच विचारलं, “राहिलेलं कधी वाचणार?”

त्यानंतर आम्ही दोघं बराच विचार करत राहिलो. अब्बा चुकले असं म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या काळात, ज्या धास्तीत त्यांनी ते नाव ऐकलं, त्यात त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. पण 1988 साली ते पुस्तक असंच मोठ्यानं वाचलं गेलं असतं, तर कदाचित अब्बा रागावून उठून गेले असते. कदाचित दारापर्यंत जाऊन परत आले असते आणि आपल्या गावातलं ते ‘काही तरी’ सांगून गेले असते. अब्बा 2009 साली गेले. लेखकाशी आमचं पटलं की नाही, याला आता फारसा अर्थ नाही. अब्बांशी भांडायची एक संधी आम्ही न वाचता परत केली, याची हळहळ वाटते.

अम्मींची तक्रार वेगळीच निघाली. पुस्तक संपल्यावर त्या म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय. पण हे बाहेरून आलेल्या पुरुषानं बघितलेलं घर आहे. चुलीशी बसलेल्या बाईनं सांगितलं असतं, तर अजून काही निघालं असतं.” वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणाऱ्यांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं!

आता पुढचा बेत. अम्मींचे डोळे, अल्हम्दुलिल्लाह, स्वच्छ झाले आहेत, तेव्हा आता वाचण्याची पाळी त्यांची. खदीजा मस्तूर यांची ‘आंगन’ ही 1962 सालची उर्दू कादंबरी आम्ही भेंडीबाजारातून आणून ठेवली आहे. स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या काळातलं एक मुस्लिम घर, आणि ते बघणारी आलिया नावाची मुलगी. अम्मींना हवी होती तशी, घराच्या आतून सांगितलेली गोष्ट. त्या वाचतील, आम्ही ऐकू, आणि मुलीनं रोज एक पान स्वतः उर्दूत वाचायचं कबूल केलं आहे.

त्याच्या जोडीला मेहरुन्निसा दलवाई यांचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन. कादंबरी नाही ती, पण ‘इंधन’ लिहिणाऱ्याच्या घरातली बाई काय म्हणते, हे अम्मींना ऐकायचं आहे. आणि रहमान अब्बास यांची ‘रोहज़िन’. 2018 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही उर्दू कादंबरी. कोकणातून मुंबईत आलेला मुलगा, त्याचं प्रेम, आणि 26 जुलै 2005 चा तो पाऊस. त्या रात्री परळला आम्हीही पाण्यात अडकलो होतो. ही मात्र आम्ही दोघं आधी वाचू. पानं कुठे चिकटतात ते बघून मग अम्मींचं ठरवू, इन्शाअल्लाह.

आपल्या घरातही एखादं पुस्तक न वाचता परत गेलं असेल. ज्यांनी ते परत करायला लावलं, ती माणसं अजून असतील, तर उशीर करू नका. ते पुन्हा आणा आणि त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचा. ती उठून गेली, तरी दार उघडंच ठेवा.