ओल

आषाढातली सकाळ. आमची जुनी स्कूटर रात्रभर अंगणात भिजत उभी होती. शाळेची घंटा व्हायला अर्धाच तास उरला आणि ती रुसली! आम्ही पंधरा-वीस लाथा मारल्या, मनातल्या मनात चार शिव्याही मोजल्या. पण ती ढिम्म.

शेजारच्या मेकॅनिकने मात्र लाथ मारली नाही. त्याने प्रथम टाकी पाहिली, मग प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे इंधन पोहोचत होते; ठिणगीच पडत नव्हती. "मास्तर, गाडी मोडूंक ना, ती भिजल्या," तो म्हणाला. कॉइलमधली हजारो व्होल्टची वीज प्लगच्या चिमुकल्या फटीवरून उडी घेते, तेव्हा ठिणगी पडते. परंतु तारेवरच्या व टोपीवरच्या ओलसर धुळीतून तिला सोपी वाट सापडली, की ती मध्येच इंजिनाच्या धातूत जिरून जाते. त्याने तार, टोपी, प्लग कोरड्या फडक्याने पुसून घट्ट बसविले. दुसऱ्याच किकला गाडी बोलू लागली.

आम्ही उशिरा वर्गात शिरलो. शेवटच्या बाकावर तो मुलगा रोजच्यासारखाच भिजून बसला होता. कालच उत्तर आले नाही म्हणून आम्ही त्याला 'मठ्ठ' म्हटले होते. तो किती दुरून चालत येतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

त्या दिवशी आम्ही प्रश्न विचारला नाही. आमचा कोरडा पंचा त्याच्यापुढे धरला व म्हटले, "आधी डोके पूस, बाळ."